सतरा नंबरची चौकशी

आमच्या भागात कुणी पोराची चौकशी करायला आलं की आधी चहा द्यायचा आणि मग चांगलं सांगायचं, अशी रीत. हळ्ळीखेडला आमचं बी-बियाणाचं आणि फवारणीच्या पंपांचं दुकान होतं, तिथं अशी माणसं नेहमी यायची. ती सरळ विचारत नसत. तुरीचं कुठलं बी यंदा चांगलं म्हणायची, पंपाची नळी हातात घेऊन उलटीपालटी करायची, आणि चहा अर्धा संपला की हळूच विषय काढायची, अमक्याचा थोरला कसा हाय म्हणून. अप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं, पोरगा लई चांगला, घर बी चांगलं. तो पोरगा भर दुपारी बसस्टँडच्या मागं पिऊन पडलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला असे. एकदा धीर करून विचारलं, अप्पा, खोटं कामून सांगता. तर म्हणाले, कुणाच्या पोराच्या ताटात आपण माती कालवायची न्हाई, लग्न झालं की सुधरतंय. आमचं घर बसवण्णांना मानणारं, लिंगपूजा झाल्याशिवाय अप्पा पाण्याचा घोट घेत नसत. खोटं बोलू नये हे आम्हाला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. पण चौकशीतलं खोटं कुणी खोट्यात धरत नसे.

याच रीतीनं माझ्या अक्काचं, जगदेवीचं, लग्न मुडबीला झालं. अप्पांनी मुडबीत जाऊन ओळखीच्या सगळ्यांना विचारलं होतं. सगळ्यांनी चहा पाजला आणि पोरगा सोनं हाय म्हणून सांगितलं. दुसऱ्या वर्षी अक्का एका पिशवीनिशी सकाळच्या बसमधून उतरून चालत घरी आली. नवरा मारायचा. साऱ्या मुडबीला ठाऊक होतं, लग्नाआधी आईला पण मारायचा म्हणे. अप्पांनी तिला बघितलं, पायात चप्पल घातली आणि दुकानावर गेले. तेव्हापासून ते तिच्याशी बोलेनात. ती तीन हातांच्या अंतरावर भाकरी थापत असायची आणि हे मला सांगायचे, तिला म्हणावं वेळेवर जेवत जा. आमची आई, अव्वा, मध्येच पदराला डोळे पुसायची. मला वाटायचं अप्पा तिच्यावर चिडलेत. आज माझ्याच केसांना मेंदी लावायची वेळ आल्यावर वाटतं, त्यांना तिच्याकडं बघायचीच भीती वाटत होती. भीती हा आमच्या घरचा गुणच म्हणा ना. मी तर जन्माची भित्री. कुत्र्याला भ्यायची, परीक्षेच्या निकालाला भ्यायची, फोन वाजला की आधी दुसरं कुणी उचलतंय का बघायची आणि मग हॅलो म्हणायची.

असल्या भित्रीला नोकरी कसली मिळावी, तर माणसांना गुण द्यायची. बीएस्सी होऊन मी घरी बसले होते. हुमनाबादला एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत रफीकभाई म्हणून एकानं काम सुरू केलं होतं. परदेशातल्या एका कंपनीला खेळांच्या फिल्मा बघून माहिती भरून पाहिजे होती. खेळ होता अमेरिकेतला फुटबॉल. नावात पाय असला तरी त्यात पायाला काम फार थोडं, चेंडू हातातच घेऊन पळायचा, तोही नारळासारखा लांबट. महिनाभर रफीकभाईंनी आम्हा सहा जणांना शिकवलं आणि लॅपटॉप देऊन घरी पाठवलं. माझ्या वाट्याला आले झेलणारे. त्याला तिकडं वाइड रिसीव्हर म्हणतात. हा गडी रांगेच्या पार कडेला उभा राहतो, इशारा होताच पळत सुटतो, ठरलेल्या पावलांवर एकदम वळतो आणि मागून फेकलेला चेंडू झेलतो. त्याच्या अंगाला एक जण चिकटलेला असतो आणि झेलता झेलता त्याला आडवा पाडायला दुसरा कुठून तरी धावून येतो. मी काय करायचं, तर प्रत्येक खेळीला हा किती पावलांवर वळला, अंगाला चिकटलेल्यापासून किती सुटा झाला, चेंडू हातात बसला का, सुटला तर चूक फेकणाऱ्याची की याची, हे सगळं भरायचं आणि पाचांतले गुण द्यायचे. चार आठवड्यांनी एक मोठा तक्ता असायचा. पोरगा मागच्यापेक्षा सुधारला का, कशात सुधारला, कशात अडलाय. ते तक्ते तिकडच्या संघांकडं जायचे म्हणे. आमच्या अव्वाला वाटायचं मी लोखंडी टोपवाल्यांचा सिनेमा बघत बसते.

फिल्म सोमवारी दुपारपर्यंत यायची. ती उंचावरून घेतलेली असायची, सगळे बावीस जण एकदम दिसावेत म्हणून, आणि तिला आवाज नसायचा. एवढी मोठाली माणसं एकमेकांवर आदळायची आणि चूं नाही. आवाज सगळे आमच्या घरचे. समोरच्या गिरणीचा पट्टा फटफटायचा, अव्वा खलबत्त्यात शेंगाचटणी कुटायची, गल्लीतून भांडीवाला कन्नडमध्ये ओरडत जायचा. अक्का माझ्या शेजारी तूर निवडत बसायची. पहिल्या पहिल्यांदा ती मान वर करत नसे. मग हळूहळू बघायला लागली. मला खेळ महिनाभर शिकावा लागला, तिला आठ दिवसांत कळला. तिनंच त्या पोराला पहिल्यांदा ओळखीचं केलं. नाव मोठं अवघड होतं, म्हणून आम्ही त्याला पाठीवरच्या आकड्यानं सतरा म्हणायचो.

सतरा दुसऱ्या वर्षाचा होता, अजून नवाच. पळायला वारा. वळायचा तर असा, की चिकटलेला गडी चार पावलं पुढं निघून जायचा. पहिल्या वर्षीच्या फिल्मा मी बघितल्या होत्या, हात लांब ताणून अशक्य चेंडू घ्यायचा. पण या वर्षी कडेकडेचे चेंडू नीट झेलायचा आणि मैदानाच्या मधोमध पळून झेलायची वेळ आली की चेंडू हाताला लागून सुटायचा. मी खरं ते लिहायला पाहिजे होतं, चूक याची. पण मी अप्पांची लेक. माझ्यासमोर कुणाच्या तरी पोराची चौकशी आली होती आणि माझा हात आपोआप चांगलं लिहायला लागला. चेंडू मागं पडला, असं लिहिलं. फेकणाऱ्यानं घाई केली, असं लिहिलं. तीन द्यायचे तिथं चार दिले. सुधारला का, सुधारला. मला यात काही वावगं वाटलं नाही, उलट त्या दिवशी भाकरी दोन घास जास्त गेली. कुठल्या कुठं हळ्ळीखेडात बसून आपण एका पोराचं भलं केलं म्हणून.

एका दुपारी ती खेळी मी पुढं-मागं करत होते. चेंडू नेमका हाताला लागायचा क्षण धरायचा असतो, त्यासाठी फिल्म तसूतसूनं सरकवावी लागते. सतरा मधोमध पळत आलाय, चेंडू त्याच्याकडं येतोय, डावीकडून एक धिप्पाड गडी त्याच्यावर सुटलाय. अक्काचा सुपातला हात थांबला.

"त्ये भ्यायलंय," ती म्हणाली.

मी म्हणाले, छे, चेंडू मागं पडलाय. तिनं मला परत मागं न्यायला लावलं. मग बोट लावून दाखवलं. चेंडू यायच्या आधीच सतराचे कोपर बरगड्यांना चिकटले होते. हात लांब जातच नव्हते. मान थोडी खांद्यात गेली होती, डोळा चेंडूवर नव्हता, येणाऱ्या गड्यावर होता.

"मार खाल्लेलं माणूस हात असंच आत घेतंय गं. त्येला न्हाई कळत, हात आपसूकच येत्यात," एवढं बोलून ती परत तूर निवडायला लागली.

मी मागच्या सगळ्या फिल्मा काढून बघितल्या. या वर्षीच्या पाचव्या आठवड्यात त्याला मधोमध डोक्याला जबरी मार बसला होता. त्याच्या आधी हात लांब, त्याच्या नंतर कोपर आत. मी स्वतः गुण दिले होते आणि मला दिसलं नव्हतं, आणि आता दिसलं ते तर मला अजिबात नको होतं. कारण लिहिलं तर पोराची भाकरी जाणार. तो मधोमध पळायला भितोय, हे तक्त्यात एकदा आलं की संघ त्याला ठेवणार नाही, हे एवढं मला कळत होतं. आणि नाही लिहिलं तर त्याला ते मधोमध पळवतच राहणार. पुढचा तक्ता भरताना मी बराच वेळ बोटं नुसती कळांवर ठेवून बसले. अक्कानं विचारलं, लिवलीस का. मी हो म्हणाले. लिहिलं काय, तर हात चांगले आहेत, मधल्या पट्ट्यातल्या खेळी वाढवायला हरकत नाही. हे वाक्य मला अजून पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

आठवड्यानं रफीकभाईंचा फोन आला. माझं काम तपासणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या गुणांशी माझे गुण जुळत नव्हते, तेही फक्त सतराच्या बाबतीत. "क्या भाग्यश्री, ये सतरा तुमारा रिश्तेदार है क्या?" ते हसत विचारत होते. मी काहीबाही सांगितलं, चेंडू मागं पडतो म्हणाले. ते बरं म्हणाले आणि ठेवला. त्यानंतर दर सोमवारी फिल्म उघडायच्या आधी मी हात जोडायची. दुसऱ्या कुणाचं काही झालं तरी चालेल, आधी सतरा दिसू दे, धड उभा असलेला दिसू दे, असं मी त्या मुक्या फिल्मेला म्हणायची. आणि खरंच त्याला आता मधोमध जास्त पळवायला लागले होते. ते माझ्या वाक्यामुळं की त्यांच्याच मनानं, हे मला कळायचा मार्ग नव्हता, आजही नाही. भीतीला तेवढी फट पुरते.

येळवस आली. आमच्याकडं या अमावस्येला सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील, पालेभाज्या-शेंगांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, आणि ओळख असो नसो, वाटेनं जाणाऱ्याला बोलावून जेवायला घालायचं. मला त्याच दिवशी काम पुरं करून द्यायचं होतं, म्हणून फिल्म सकाळीच उतरवून घेतली आणि लॅपटॉप पिशवीत घालून ट्रॅक्टरमध्ये बसले. शेतात उन्हामुळं पडद्यावर काही दिसेना. अक्कानं गोधडी आणली. तूर काढणीला आली होती, तिच्या सावलीला आम्ही दोघी डोक्यावरून गोधडी घेऊन बसलो, आत अंधार, दोघींचा श्वास, आणि मांडीवर ते हिरवं मैदान. बाहेर अव्वा भज्जीच्या भांड्यात पळी फिरवत होती, अप्पा शेतभर आंबील शिंपडत फिरत होते.

तिसऱ्या भागात सतरा मधोमध पळत आला. कोपर आत. या खेपेला चेंडू जरा उंच होता, म्हणून त्याला उडी मारावी लागली, आणि अंग चोरून उडी मारलेलं माणूस कसं पडणार, तिरपंच पडणार. धावून आलेल्या गड्याचा टोप याच्या मानेखाली बसला. तो खाली पडला तो एक हात वर तसाच ताठ राहिलेला. आवाज नाही. अक्कानं माझं मनगट धरलं, तिची नखं रुतली ते मला नंतर घरी दिसलं. त्या फिल्मेत दोन खेळींच्या मधला वेळ कापलेला असतो. म्हणजे कुणी धावत आलं का, त्याला उचललं का, तो हलला का, काही नाही. एका क्षणाला तो तसा पडलेला आणि पुढच्या क्षणाला नवी खेळी, सगळे उभे, आणि सतराच्या जागेवर दुसराच कुणी.

"मेलं का गं?" अक्का म्हणाली.

शेतात नेट नव्हतं. फोन वर धरून मी बांधाबांधानं हिंडले, एक दांडी यायची आणि जायची. वाटेवरचे दोन पाहुणे जेवायला बसले होते, अव्वानं मला हाक मारून वाढायला लावलं. मी भज्जी वाढली, आंबील वाढली, घ्या म्हणाले, पोटभर घ्या म्हणाले. माझ्या ताटातला घास खालीवर होत होता. मी कुणाला तरी मारलंय असं मला वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. कोण म्हणून सांगणार, कुठला कोण सतरा. अप्पांनी विचारलं, काय झालं गं, तोंड उतरलंय. मी ऊन लागलं म्हणाले. आणि काम तर करायलाच पाहिजे होतं. परत गोधडी घेतली, परत ती खेळी काढली, धक्का लागल्याचा नेमका क्षण धरायचा म्हणून तसूतसूनं मागं-पुढं केली. पाच-सहा वेळा तो माझ्या मांडीवर पडला. अक्का माझ्या शेजारून हलली नाही, पण तिनं डोळे मिटून घेतले होते. रकान्यात भरलं, चेंडू हातात बसला नाही.

दिवस मावळायच्या आत घरी आलो. ओट्यावरच उभी राहून मी फोनवर शोधलं. दोन ओळींची बातमी होती. सतराला मान बांधून मैदानाबाहेर नेलं, शुद्धीवर आहे, हातपाय हलवतोय, दवाखान्यात ठेवलंय. मी ते अक्काला मराठीत वाचून दाखवलं आणि ओट्यावरच बसून रडले, चांगलं मोठ्यानं. शेजारीण डोकावून गेली. आता हसू येतं, पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं नव्हतं, उलट जास्त भ्या वाटत होतं. कारण तो जिवंत होता, म्हणजे त्याला परत पळवणार होते.

हंगाम संपला तसा वर्षाचा शेवटचा तक्ता आला. त्यात खाली एकच प्रश्न होता, पुढच्या वर्षी या खेळाडूकडून काय अपेक्षा ठेवावी. मी तो न भरता आधी रफीकभाईंना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून कुणाला फोन केला असेल. मी खोटे गुण दिलेत म्हणाले. चौकशीची रीत त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही, ते हुमनाबादचेच होते. मग म्हणाले, सारे के सारे दुबारा करो, और नाम के सामने वजह लिखो. आठ दिवस मी सतराचं सगळं वर्ष परत बसून भरलं, जिथं चूक त्याची तिथं त्याची लिहिली. शेवटी त्या प्रश्नाखाली लिहिलं, पाचव्या आठवड्यातल्या मारानंतर हा खेळाडू मधल्या पट्ट्यात भितो, अंग चोरतो, आणि अंग चोरल्यामुळंच त्याला मोठी इजा होईल, भीती जाईपर्यंत त्याला तिथं पळवू नये. पाठवायचं बटण अक्कानं दाबलं. रफीकभाईंनी मला नोकरीवरून काढलं नाही. झेलणाऱ्यांवरून उचलून चेंडूला लाथ मारणाऱ्यांवर टाकलं, तिथं चेंडू एक तर आत जातो नाही तर बाहेर, चौकशी शिल्लक राहत नाही.

महिनाभरानं त्यांनीच फोनवर सांगितलं, सतराला संघानं सोडलं. दुसऱ्या कुठल्या संघानंही उचललं नव्हतं. नुसती माहिती द्यावी तसं सांगितलं त्यांनी. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. अक्का भाकरी थापत होती, अप्पा भिंतीला टेकून जेवत होते, त्यांच्या ताटात पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी होती. मी अक्काला सांगितलं, सोडलं गं त्याला. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग मान वर न करताच विचारलं, आता कुठं जाईल तो. मी म्हणाले, कुठं जाणार, गावाकडं जाईल, घरी.

"घरी घेतील न्हवं त्येला?"

अप्पांचा घास हातातच राहिला होता. ते माझ्याकडं बघत नव्हते, अक्काकडं बघत होते.

"घेतील," ते तिला म्हणाले. "आधी आधी बोलायचे न्हाईत, जगदेवी. पण घेतील."